केबलच्या डिस्क ब्रेकचं "ऑइल" बदलून ७०० रुपये लावले

लॉकडाऊनमध्ये हौसेनं सायकल घेतली आणि आता पार्किंगमध्ये धूळ खात पडलीये अशा सगळ्यांनी हे वाचा. माझी पण त्यातलीच, २०२० ची, डिस्क ब्रेक, केबलवाले. पावसाळा संपल्यावर काढली तर मागचं चाक जाम, ब्रेक दाबला की दाबलेलाच राहायचा, सुटायचाच नाही. कोथरूडमध्ये एक चकाचक दुकान आहे, नाव नाही घेत, तिथे नेली. तिथल्या पोरानं चाक नुसतं हलवून बघितलं आणि लगेच निकाल, "काका, कॅलिपर गेलाय, आतलं ऑइल पण खराब झालंय, ब्लीडिंग करावं लागेल." (कॅलिपर म्हणजे चाकावरच्या डिस्कला पॅडनं चिमटा घेणारा भाग, ब्लीडिंग म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून नवीन ऑइल भरणं.)

बिल बघा: नवीन कॅलिपर १८००, पॅड ६००, ब्लीडिंग ७००, मजुरी ३००. तेही चिठोऱ्यावर. पक्कं बिल मागितलं तर म्हणे मग जीएसटी पडेल.

पैसे देऊन सायकल घेतली, तर चांदणी चौकातून खाली येताना मागचा ब्रेक दाबतोय तर नुसता किंचाळतोय, धरतच नाही, नशीब पुढचा ठीक होता. सोसायटीत एक सायकलिंग करणारा मुलगा आहे, त्याला चिठ्ठी दाखवली तर तो हसायलाच लागला. अहो, केबलच्या ब्रेकमध्ये ऑइल असतंच कुठे! काळ्या नळीतून स्टीलची वायर येते, ती कॅलिपरवरचा छोटा आर्म ओढते आणि पॅड डिस्कवर दाबला जातो, संपला विषय. ऑइल असतं ते हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये, आणि तिथेही सांभाळून, शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, कोणी गाडीचं डॉट ब्रेक ऑइल ओतलं तर आतली सीलं फुगून ब्रेकची वाट लागते.

मग टॉर्च मारून बघितलं. "नवीन" कॅलिपरवर गेटला घासून पडलेला माझाच जुना ओरखडा! नुसता पुसून चकचकीत केलेला. पॅड काढले तर तेही जुनेच, आणि वर कसलातरी स्प्रे मारलेला, डिस्कवर बोट फिरवलं तर तेलकट. ब्रेक धरणार कसा? गंजलं म्हणून लोक सर्रास स्प्रे मारतात, पण डिस्क आणि पॅडला तेल लागता कामा नये. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, तेल प्यायलेले पॅड सरळ फेकले.

मूळ दुखणं काय ते सोसायटीतल्या त्या मुलानं तिथल्या तिथे दाखवलं. ॲलन कीनं कॅलिपरवरचा केबलचा बोल्ट सैल करायचा आणि आर्म हातानं ढकलायचा. पटकन मागे आला तर कॅलिपर ठणठणीत, नळीत वायर गंजलीये. आर्मच अडकला तरच कॅलिपर खोलायची वेळ. माझा आर्म टुणकन मागे आला, वायर मात्र ओढून निघेना, निघाली तेव्हा लाल भुगा सांडला. नवीन वायर, नळी आणि पॅड, सगळं मिळून पाचशेच्या आत.

दुकानात परत गेलो, जुना कॅलिपर आणि पॅड दाखवा म्हटलं. "भंगारात गेले." मग मोबाईलवर ओरखड्याचा आधीचा फोटो दाखवला, बाजारात विकायला काढली होती तेव्हाचा, आणि १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतो म्हटलं. मालक काउंटरमागून उठून आला, पोरावर चार लोकांसमोर ओरडला आणि ३१०० परत केले. मजुरीचे ३०० मात्र ठेवून घेतले, "काम तर झालंय ना साहेब."