चालकाविना गाडी पास कोणी आणि कशी करायची: तीन वाटांची तुलना

ब्रेकसाठी पाय असेल, आरशासाठी डोळे असतील आणि स्टीअरिंगमागे माणूस बसलेला असेल, असे गृहीत धरून जगभरचे वाहन-सुरक्षा नियम लिहिले गेले. आता गाडी चालवणारे सॉफ्टवेअर आले आहे आणि नियमावली बदलणे भाग आहे. बदलण्याच्या तीन वाटा सध्या दिसतात. एक, जुने नियम तसेच ठेवून अडेल तिथे सूट द्यायची. दोन, एकेका सुविधेसाठी आकड्यांत बांधलेला नियम लिहायचा. तीन, गाडी सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी मांडायला कंपनीला सांगायचे आणि ती मांडणी तपासायची. परिवहन खात्यात मसुदा लिहिणाऱ्यांना आणि कोणत्या बाजारात आधी उतरायचे हे ठरवणाऱ्या कंपन्यांना यातूनच निवड करायची आहे.

त्याआधी जिनिव्हाकडे पाहायला हवे. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखाली वाहन-नियमांचा जागतिक मंच चालतो. जाणकार त्याला डब्ल्यूपी-२९ म्हणतात. त्याचे दोन करार इथे महत्त्वाचे. १९५८ च्या करारात सरकारी यंत्रणा विक्रीआधी गाडीचा प्रकार तपासून मान्यता देते आणि एका सदस्याने दिलेली मान्यता तो नियम पाळणारे इतर सदस्य स्वीकारतात. १९९८ च्या करारात तांत्रिक नियम समान ठेवायचे असतात, मान्यता मात्र ज्याची त्याची. युरोपीय संघ आणि जपान दोन्हींत आहेत. अमेरिका, कॅनडा, चीन, भारत फक्त दुसऱ्यात. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून 'आमची गाडी नियमात बसते' हे कंपनीच प्रमाणित करते. सरकार नंतर तपासते आणि दोष आढळला तर रिकॉल होतो, म्हणजे कंपनीला विकलेल्या गाड्यांतला दोष दुरुस्त करून द्यावा लागतो.

सूट देण्याची वाट

अमेरिकेच्या ब्रेकविषयक मानकात मुख्य ब्रेक पायाने चालवायच्या नियंत्रकावर असावा असे लिहिले आहे. पेडलच नसलेली गाडी तिथेच अडते. मग कंपनी सूट मागते आणि नेहमीच्या तरतुदीत ती वर्षाला २,५०० गाड्यांपुरती मिळते. फेब्रुवारी २०२० मध्ये न्युरो या कंपनीच्या माल पोचवणाऱ्या आर-२ गाडीला आरसे, पुढची काच आणि मागच्या कॅमेऱ्याच्या काही अटींतून सूट मिळाली. आत माणूसच नसेल तर पुढची काच कोणासाठी, हे मान्य करायला फार वाद लागला नाही. जनरल मोटर्सच्या स्टीअरिंग नसलेल्या 'क्रूझ ओरिजिन'चा अर्ज मात्र दोन वर्षांहून अधिक काळ निकालाविना राहिला आणि २०२४ मध्ये कंपनीने प्रकल्पच थांबवला. मार्च २०२२ मध्ये प्रवासी-सुरक्षेचे नियम हाताने चालवायची साधने नसलेल्या गाड्यांसाठी सुधारले गेले, पण ती डागडुजी सीटबेल्ट, एअरबॅग अशा गोष्टींची होती.

या वाटेची खरी उणीव सूट मिळायला लागणाऱ्या वेळात नाही. स्टीअरिंग, पेडल, आरसे सगळे जागेवर ठेवलेल्या गाडीला सूट लागतच नाही. चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या वेमो कंपनीच्या जॅग्वार गाड्या अशाच आहेत. म्हणजे सॉफ्टवेअर गाडी नीट हाकते की नाही हा प्रश्न संघराज्याच्या मानकांत विचारलाच जात नाही. तो राज्यांच्या परवान्यांवर आणि अपघातानंतरच्या चौकशीवर सोडला जातो. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीच्या धडकेने उडालेली पादचारी क्रूझ या जनरल मोटर्सच्या कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे पडली. गाडी थांबली, आणि मग 'बाजूला होण्यासाठी' पुढे सरकताना तिने त्या पादचाऱ्याला सुमारे ६ मीटर फरफटत नेले. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्निया राज्याने क्रूझचे परवाने स्थगित केले, नोव्हेंबरात ९५० गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा रिकॉल झाला. बाजूला होणे ही एरवी शहाणपणाची चाल. गाडीखाली माणूस अडकलेला असताना तीच घातक ठरते, हे विक्रीआधी कोणी विचारायचे याची सोय या पद्धतीत नव्हती. तरी तिची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: २०२१ पासून अशा प्रणालींचे अपघात कळवणे अमेरिकेत बंधनकारक आहे. चौकशी त्या माहितीवरच उभी राहते.

आकड्यांत बांधलेला नियम

दुसऱ्या वाटेचा नमुना म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे नियमन क्र. १५७. ते जून २०२० मध्ये संमत झाले आणि जानेवारी २०२१ पासून लागू आहे. दुभाजक असलेल्या, पादचारी-सायकली नसलेल्या मार्गावर, ताशी ६० किलोमीटरपर्यंत गाडी आपली लेन धरून स्वतः चालेल एवढाच त्याचा आवाका होता. त्या आवाक्यात ते काटेकोर आहे. पुढचे किमान ४६ मीटर दिसायलाच हवे. ताबा घ्या म्हणून सांगूनही चालकाने प्रतिसाद दिला नाही, तर किमान १० सेकंदांनंतर गाडीने स्वतःहून थांबण्याची प्रक्रिया सुरू करायची. दुसरी गाडी अचानक आडवी घुसली तर कोणती टक्कर टाळता यायलाच हवी, हे ठरवायला त्यात एक कुशल मानवी चालक गणितात बसवला आहे: धोका ओळखायला ०.४ सेकंद, ब्रेक लागू व्हायला आणखी ०.७५ सेकंद आणि ०.७७४ जी (गुरुत्व-त्वरणाच्या ०.७७४ पट) पर्यंतचा वेगरोध. यंत्राने निदान एवढे तरी केले पाहिजे. तपासनीसाला हे फार सोयीचे, कारण मैदानात मोजून पास-नापास ठरवता येते. कंपनीलाही लक्ष्य माहीत असते.

किंमत मोजावी लागते ती वेगात आणि व्याप्तीत. ताशी १३० किलोमीटर आणि लेन बदलण्याची मुभा देणारी दुरुस्ती जून २०२२ मध्ये संमत झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये लागू झाली. मर्सिडीजला या नियमाखाली डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीत पहिली मान्यता मिळाली. ताशी ९५ किलोमीटरची मिळायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. महामार्गावरच्या एका सुविधेला एवढे लागले, तर शहरातला चौक, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, हाताने इशारे करणारा पोलीस यांसाठी एकेक कलम लिहीत बसणे अशक्य आहे.

आणखी एक गफलत इथे वारंवार होते. गाडीला मान्यता मिळाली म्हणजे चालकाला नजर हटवायची परवानगी मिळाली असे होत नाही. ते वाहतूक कायद्यात असते. १९६८ च्या व्हिएन्ना करारात प्रत्येक वाहनाला चालक असावा अशी अट आहे, आणि ती स्वयंचलित प्रणालीने पूर्ण झाली असे मानण्याची वाट उघडणारे कलम जुलै २०२२ मध्ये लागू झाले. तेही देशांतर्गत कायद्याच्या अधीन. दोन्ही कायदे एकत्र हलवले नाहीत तर मान्यतेचा कागद फायलीतच राहतो.

पुराव्यानिशी मांडणी

तिसरी वाट नवी, आणि माझा कल तिच्याकडे आहे, एका मोठ्या अटीसह. इथे कंपनी 'सेफ्टी केस' देते: प्रणाली कुठे चालेल, काय बिघडू शकते, त्यावर काय केले आणि त्याचा पुरावा काय. तपासणीत कंपनीच्या सुरक्षा-व्यवस्थापनाचे परीक्षण, सिम्युलेशन (संगणकावर प्रसंग उभे करून घेतलेली चाचणी), मैदानी चाचणी, प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी आणि विक्रीनंतरची देखरेख हे सगळे येते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये पूर्ण स्वयंचलित गाड्यांसाठी असा नियम केला, पण वर्षाला प्रत्येक प्रकारच्या १,५०० गाड्यांची मर्यादा ठेवून. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्याने गाडी कशी चालते याची जबाबदारी मान्यताप्राप्त संस्थेवर टाकली आणि प्रणाली चालू असताना आत बसलेल्या माणसाला बहुतेक वाहतूक-गुन्ह्यांतून मोकळे केले. जिनिव्हाच्या मंचानेही याच पद्धतीचा जागतिक नियम दोन्ही करारांसाठी जोडीने लिहायला घेतला आणि त्यासाठी २०२६ हे वर्ष धरले.

अट तपासणाऱ्याची. शेकडो पानांचा युक्तिवाद समोर आल्यावर 'या सिम्युलेशनचे उत्तर रस्त्यावरच्या मोजमापाशी कुठे जुळवून पाहिलेत?' असे विचारू शकणारी माणसे खात्यात नसतील, तर ही पद्धत स्व-प्रमाणनच होऊन बसते, फक्त वर सरकारी शिक्का. सुंदर कागद करून देणारे सल्लागार मुबलक मिळतात. त्या कागदातल्या त्रुटी शोधणारे परीक्षक मिळत नाहीत.

मग निवड कशी करावी

स्वतःची परीक्षणक्षमता तोकडी असेल तर १९५८ च्या कराराखालच्या मान्यता स्वीकारणे हाच सरळ मार्ग. मात्र तिकडच्या मान्यतेत इथले रस्ते तपासलेले असतीलच असे नाही. म्हणून कोणत्या मार्गांवर, कोणत्या हवामानात प्रणाली वापरता येईल हे ठरवण्याचा हक्क वाहतूक कायद्यात आपल्याकडे ठेवावा. महामार्गावरच्या मर्यादित सुविधेसाठी नियमन क्र. १५७ पुरेसे आहे, तिथे सेफ्टी केसचा डोलारा उभारायची गरज नाही. शहरातल्या टॅक्सीसाठी तिसरी वाट अटळ आहे, आणि परीक्षक तयार होईपर्यंत गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असलेली बरी. सूट मालवाहू, कमी वेगाच्या गाड्यांपुरती ठेवावी; आत प्रवासी नसल्याने तिथे प्रवाशांचा धोका वजा झालेला असतो. स्व-प्रमाणनाची परंपरा असलेल्या देशांनी ती मोडायचे कारण नाही, पण सेफ्टी केस मागवून पाहण्याचा अधिकार अपघाताआधीच कायद्यात हवा.

कोणतीही वाट धरली तरी मसुद्यात दोन कलमे पहिल्या दिवसापासून असावीत. एक, अपघातांची आणि गंभीर प्रसंगांची माहिती ठरलेल्या मुदतीत देण्याचे. दुसरे सॉफ्टवेअर अपडेटचे: मान्यता ज्या सॉफ्टवेअरला मिळाली ते महिन्याभरात बदललेले असू शकते, आणि कोणता बदल पुन्हा तपासणीला आणायचा हे कंपनीच्या मर्जीवर सोडता येत नाही. त्यासाठी नियमन क्र. १५६ आणि सायबर सुरक्षेसाठी क्र. १५५ तयार आहेत. १९५८ च्या करारात नसलेल्या देशालाही त्यांतल्या अटी आपल्या नियमांत उतरवून घेण्यापासून कोणी अडवलेले नाही. कंपन्यांनी वर्षाला काही हजार गाड्यांपुरत्या सवलतीच्या भरवशावर कारखाना उभारू नये. सेफ्टी केस आधी लिहायला घ्यावी, कारण आज ती न मागणारा बाजारही पहिल्या मोठ्या अपघातानंतर तीच मागणार आहे.