चकलीचा सोऱ्या आणि मनगटाचा स्प्लिंट : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी हावरटासारख्या घेतल्या. नऊ दिवसांत चाळीस किलो चकली, तीही पितळी सोऱ्या हाताने पिळून. भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांनी रात्री तीनला जाग आली. उजवा पंजा बधिर, बोटांत मुंग्या आणि कोपरापर्यंत कळ. उठून हात झटकला की उतरायचं, डोळा लागला की परत सुरू. सासूबाई म्हणाल्या, "नस चढलीय, तेल लाव." तीन आठवडे तेल चोळलं. हात मऊ झाला, मुंग्या तशाच.

हाडांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "करंगळीलाही येतात का मुंग्या?" नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढंच. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते म्हणे. मग हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटं खाली वाकवून मिनिटभर धरायला लावली. अर्ध्या मिनिटातच झिणझिण्या आल्या. कार्पल टनेल. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. आत सूज आली की दाब नसेवर येतो. साखर आणि थायरॉइड तपासून घेतलं, कारण त्यांच्यामुळेही हे होतं. दोन्ही ठीक निघालं, म्हणजे दोषी सोऱ्याच.

स्प्लिंट, म्हणजे मनगटाला बांधायचा आधाराचा पट्टा, रात्री लावायला सांगितला. झोपेत आपण मनगट दुमडतो, दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून ते सरळ धरून ठेवायचं. मी शहाणपणा करून आधी अंगठ्याचं भोक असलेला इलॅस्टिकचा मोजा आणला. तो नुसताच आवळतो, मनगट वाकायचं ते वाकतंच. पैसे वाया. मग तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असलेला, तीन वेल्क्रोंचा स्प्लिंट घेतला, साडेचारशेला. मनगटाचा घेर मोजून माप घ्या आणि उजवा-डावा बघून घ्या.

पहिले दहा दिवस काडीचा फरक नाही. चिडून परत गेले, तेव्हा खरी गोष्ट कळली. पट्टी दुकानातूनच वाकडी आली होती, मनगट मागे झुकवणारी. डॉक्टरांनी ती बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सपाट केली आणि परत खोबणीत सरकवली. नस दबलेली असेल तर मनगट सरळच हवं, मागे वाकलेलंही चालत नाही. खोक्यावर याबद्दल एक ओळ नव्हती. त्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा सलग पहाटेपर्यंत झोपले.

एक चूक माझीही. बरं वाटतंय म्हणून दिवसा स्प्लिंट घालून पोळ्या लाटायला बसले. मनगट हलेना म्हणून सगळा जोर खांद्यातून आणि बोटांतून लागला, संध्याकाळी मान धरली ती वेगळीच. दिवसा काम करायचं तर स्प्लिंट काढून, थोडं थोडं करायचं. कणीक आता नवरा मळतो. (गोळा दगडासारखा होतो, पण बोलायची सोय नाही.)

तक्रारी आहेत. एप्रिलमध्ये आत घाम येऊन पुरळ उठलं. जुन्या सुती मोज्याचं टोक कापून आत घालायला लागल्यावर थांबलं. धुताना पट्टी काढून हाताने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा, तरी एक कुबट वास राहतोच. वेल्क्रोत केस आणि गोधडीचे धागे अडकतात. तिसऱ्या महिन्यात मधला पट्टा रात्रीत सुटायला लागला. शिंप्याकडून वीस रुपयांत नवा शिवून घेतला, तो मूळच्यापेक्षा बरा निघाला. आणि फार आवळू नका. मी आवळला होता, सकाळी बोटं सुजून अंगठी निघेना.

पाचपैकी साडेतीन. आता आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावते. फोन कानाला धरून जास्त वेळ बोललं की मुंग्या अजून येतात. वस्तू हातातून निसटायला लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसल्यासारखा दिसला, तर मात्र पट्ट्याच्या भरवशावर राहू नका, लगेच दाखवा. मला डॉक्टरांनी हे दोनदा बजावलं.

यंदाच्या ऑर्डरी सुरू झाल्यात. चकली दहा किलोच्या वर घेणार नाही आणि पिळायला दोघीजणी ठेवल्यात. लाडू मात्र मीच वळणार.