गुडघ्यासाठी हळदीचं दूध, करक्युमिनची कॅप्सूल की पेनकिलर?

नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत आमचं मेडिकल आहे. मागच्या महिन्यात ओळखीच्या एक काकू आल्या, आदल्याच दिवशी सप्तशृंगी गडावर जाऊन आलेल्या, म्हणजे पायऱ्यांनी नाही, ट्रॉलीने, तरी गुडघे बोलायला लागलेच. मोबाईल पुढे केला, त्यात कॅप्सूलच्या डबीचा फोटो, 'करक्युमिन ९५ टक्के, सोबत मिरीचा अर्क'. "अरे हळदच आहे ना, मग कसला आलाय साइड इफेक्ट? का शेजारीण घेते ती डायक्लोफेनॅकची पेनकिलरच देतोस?" हा प्रश्न काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी येतोच, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधी घरची हळद. हळद पावडरीत करक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, असतं साधारण ३ टक्के, जात चांगली असली तर थोडं जास्त. चहाचा चमचा भरून हळद म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम, त्यात करक्युमिन ९० मिलीग्रॅमच्या आसपास, आणि दुधात एवढी तरी कोण घालतं, चिमूटभरच. शिवाय पोटात गेलं की आतडं आणि लिव्हर मिळून त्याचं बहुतेक लगेच रूपांतर करून बाहेर काढतात, रक्तात पोचतं अगदी नावाला. ५०० मिलीग्रॅमच्या एका कॅप्सूलएवढं करक्युमिन हवं असेल तर पाच चमचे हळद खावी लागेल, करून बघा जमतंय का. तेव्हा रात्री हळदीचं दूध प्या, झोप छान लागत असेल तर अजून प्या, पण गुडघ्याचं औषध म्हणून त्याच्याकडे बघू नका.

घरच्या हळदीत मला भीती हळदीची नाही, रंगाची आहे. पिवळा दिसावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट लावतात, म्हणजे चक्क शिसं. २०२४ मध्ये एक अभ्यास आला, भारत, पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ मिळून २३ शहरांतले ३५६ नमुने तपासले, १४ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं, आणि पाटण्याच्या काही नमुन्यांत तर १००० च्या वर, आपल्याकडची कायदेशीर मर्यादा आहे १०. आणि आपण म्हणतो की रविवार कारंजावरून अख्खं हळकुंड आणलं, डंकावर समोर उभं राहून कुटून घेतलं म्हणजे सुटलो, तर तसं नाहीये कारण हा रंग हळकुंड पॉलिश करतानाच चोळतात. फार चकचकीत पिवळं हळकुंड दिसलं की मी तरी घेत नाही, थोडं मळकट असलेलं बरं.

आता कॅप्सूल. ही थाप नाहीये, हे आधी सांगतो. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या पेशंटना चार आठवडे दिवसाला १५०० मिलीग्रॅम हळदीचा अर्क किंवा १२०० मिलीग्रॅम आयब्युप्रोफेन ही पेनकिलर देऊन बघितलं, २०१४ मध्ये छापून आलं, दुखणं कमी होण्यात अर्क आयब्युप्रोफेनच्या मागे पडला नाही आणि पोटदुखीच्या तक्रारी अर्कवाल्यांत कमी होत्या. डायक्लोफेनॅकबरोबरही तुलना झालीय, १३९ पेशंट, २८ दिवस, निकाल तसाच, फक्त त्यात कोणाला काय देतोय हे सगळ्यांना माहीत होतं आणि दुखण्याच्या बाबतीत मनाचा भाग किती मोठा असतो हे तुम्हाला सांगायला नको. ऑस्ट्रेलियात, टास्मानियात ७० जणांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला, तिथे दुखणं थोडं कमी झालं पण एमआरआयमध्ये गुडघ्यातल्या सुजेत, पाण्यात काही फरक दिसला नाही. म्हणजे कॅप्सूलने आराम पडू शकतो, झीज भरून येते वगैरे जे जाहिरातीत लिहितात ते सोडून द्या. आणि हे सगळे अभ्यास आठवड्यांचे आहेत, वर्षानुवर्षांचे नाहीत.

आता मिरी. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी २ ग्रॅम करक्युमिनसोबत फक्त २० मिलीग्रॅम पायपरिन दिलं, पायपरिन म्हणजे मिरीतला तिखट घटक, तर रक्तात पोचणारं करक्युमिन २० पट झालं. तेव्हापासून सगळ्या डब्यांवर मिरी आली. पण ही वीसपट वाढ येते कुठून, तर लिव्हर आणि आतडं जे बाहेर काढायचं काम करतात ते पायपरिन अडवून धरतं, आणि अडवताना ते फक्त करक्युमिनलाच अडवत नाही ना! फिट्सची फेनिटॉइन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलिन यांचं रक्तातलं प्रमाणही पायपरिनने वाढलेलं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे फिट्सची गोळी चालू असलेला माणूस हळदीची कॅप्सूल समजून घेतो आणि तिकडे त्याच्या गोळीचाच डोस वाढल्यासारखा होतो. आमटीतल्या चिमूटभर मिरीने सहसा एवढं होत नाही, अर्क रोज दोन वेळा घेतल्याची गोष्ट वेगळी.

लिव्हरचं बोलायचं तर अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजेवर लक्ष ठेवणारं डॉक्टरांचं नेटवर्क आहे, त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटचे १० रुग्ण मांडले. पाच जणांना ॲडमिट करावं लागलं, एक दगावला, आणि दहातल्या सात जणांत एकच जीन सापडलं, एचएलए-बी*३५:०१. म्हणजे ज्याच्या नशिबी ते जीन त्याला धोका जास्त, पण आपल्यात आहे का हे आपण काय तपासून घेत बसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये इशारा काढला, त्यांच्याकडे १८ तक्रारी आल्या होत्या. इटलीने तर २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटवर 'लिव्हरसाठी चांगलं' असं लिहायलाच बंदी केली, आपल्याकडे उलट लिव्हर टॉनिक म्हणूनच विकतात. प्रमाण फार कमी आहे, घाबरवायचं नाहीये मला, पण "हळदच आहे ना" हे उत्तर इथे चालत नाही. त्रास बहुतेक वेळा सुरू केल्यावर एक ते चार महिन्यांत दिसतो.

पेनकिलरचं थोडक्यात, कारण तिचे तोटे बऱ्याच जणांना माहीत असतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन त्याच दिवशी काम करतात, पण पोटात अल्सर, बीपी वर, किडनीवर ताण. बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी होण्याची गोळी दोन्ही चालू असतील त्यात ही तिसरी पडली तर किडनी खरंच बसू शकते, आणि असे पेशंट साठीच्या पुढे ढिगाने असतात. शेजारणीची गोळी म्हणूनच नको. मग राहिलं जेल, जे लोकांना उगाच कमी दर्जाचं वाटतं. डायक्लोफेनॅकचं जेल चोळल्यावर गोळीच्या मानाने साधारण ६ टक्केच औषध रक्तात जातं, आणि गुडघ्यासाठी गोळीच्या आधी जेल वापरा असंच आता गाइडलाइन सांगतात, सोबत मांडीचे व्यायाम आणि वजन कमी करणं.

मला विचाराल तर क्रम असा, आधी जेल आणि व्यायाम. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर ज्याचं लिव्हर ठीक आहे, पित्ताशयात खडे नाहीत, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही त्यानेच, कारण वॉरफरिनवर असलेल्या माणसाचा हळदीच्या गोळ्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १० च्या वर गेल्याची नोंद न्यूझीलंडमध्ये आहे. मिरीशिवायची घ्या, दोन महिने बघा, फरक नाही तर बंद करा. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, जेवण नकोसं झालं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे, आणि डबी सोबत न्या, कारण लोक डॉक्टरांना सगळ्या गोळ्या सांगतात आणि हीच सांगत नाहीत. १८००-१८०-३०२४ ही औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे पेशंट स्वतःही तक्रार नोंदवू शकतो.

काकूंना विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत, तर पर्समधून कागद निघाला, टेल्मिसार्टन आणि स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करायचीच गोळी. मग डायक्लोफेनॅकही नाही आणि कॅप्सूलही नाही. तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारून जेल लावा म्हटलं. ट्यूब घेतली, पैसे देताना म्हणाल्या, "आणि ते रात्रीचं दूध?" म्हटलं ते चालू द्या.