दहावीनंतर जर्मनीत एक वर्ष: स्टुडंट एक्स्चेंजचा माझा अनुभव

2024 मध्ये दहावीचा निकाल लागला आणि ऑगस्टमध्ये मी नागपूरहून दोहामार्गे जर्मनीला गेले, बॉनजवळच्या एका छोट्या गावात. 2025 च्या जुलैत परत आले, आता अकरावीत आहे. परतल्यावरचा भारावलेपणा एव्हाना ओसरलाय, म्हणून आता लिहितेय. ओळखीतले आईबाबा विचारतात, "पोरीला पाठवावं का?" माझं उत्तर हो आहे, पण दोन अटींवर. तिला निघण्याआधी जर्मन बऱ्यापैकी बोलता यायला हवं, आणि जिथे राहायला दिलंय ते घर जमत नसेल तर बदलून मागायची हिंमत तिच्यात आणि तुमच्यात हवी. थंडी, जेवण, घरची आठवण हे सगळं निभतं.

आधी भाषेचं. माझी ए2 पातळी (जर्मनच्या सहा पातळ्यांपैकी दुसरी) झाली होती, तरी ती अपुरी पडली. दुकानात इंग्रजीवर भागतं, शाळेत नाही. आपल्याकडे पेपर चांगला गेला की झालं. तिथे माझ्या शाळेत वर्गात बोलण्याला जवळजवळ लेखी परीक्षेइतकंच वजन होतं. 1 हा सर्वांत चांगला ग्रेड, 6 सर्वांत वाईट. गणितात अडलं नाही. इतिहासाच्या तासाला मात्र मनात वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. मग बाईंनी एकदा थांबवून सांगितलं की अर्धंच वाक्य बोल, उरलेलं आम्ही समजून घेऊ. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

डिसेंबरात त्यांनीच मला तुझ्या शहराविषयी बोल म्हटलं. मी दीक्षाभूमी निवडली. 14 ऑक्टोबर 1956 चा तो दिवस, बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारणारे लाखो लोक, हे सगळे शांतपणे ऐकत होते. मग मी सांगितलं की बाबासाहेबांनी 1921 मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. ज्या शहरात ही मुलं ट्रामने येतात-जातात, तिथलीच गोष्ट, आणि एकालाही माहीत नव्हती! त्यानंतर प्रश्न थांबेचनात. जात आडनावावरून कळते का? आता कायदा काय म्हणतो? तुझ्या घरी पाळतात का? शेवटच्या प्रश्नाला मला घाम फुटला, कारण तो मला मराठीतही कोणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. आजोबांच्या काळात पाळायचे, आई-बाबा पाळत नाहीत, पण लग्नाची गोष्ट निघाली की घरात आवाज बदलतात. त्या वर्षात मी सगळ्यात मोठं जे काही शिकले, ते त्या तासाला.

आता घराचं. माझ्या पहिल्या घरी दोन लहान मुलं होती. शाळेतून आले की त्यांना सांभाळायचं, खाऊ घालायचं, आई-वडील येईपर्यंत बाहेर पडायचं नाही, असं रोजचं सुरू झालं. घरात हातभार लावायला माझी कधीच ना नव्हती, आपल्याकडेही लावतोच. पण मी तिथे शिकायला गेले होते. मला पाठवणाऱ्या एक्स्चेंज संस्थेच्या स्थानिक समन्वयकाला फोन केला की "जरा जुळवून घे" एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी बाबांनी सुचवलं, तोंडी नको, लिहून पाठव. कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत मुलं माझ्याकडे होती, एवढंच ईमेलमध्ये लिहिलं आणि संस्थेच्या मुख्य कार्यालयालाही प्रत पाठवली. मग हालचाल झाली आणि नोव्हेंबरमध्ये मी दुसऱ्या घरी गेले. नागपुरात नातेवाईक म्हणत होते, परक्या देशात तक्रार कशाला करायची. मला हे अजिबात पटत नाही. सोळा वर्षांच्या मुलीने गप्प राहून सोसायचं, हा संस्कार इथेही नको आणि तिथेही नको.

दुसरं घर मात्र माझं झालं. संध्याकाळी साडेसहाला सगळे टेबलापाशी. ताटं नाहीत, प्रत्येकापुढे छोटी लाकडी पाटी, सुरीच्या चिरांनी भरलेली. त्यावर राईचा काळसर पाव, लोणी, चीज, मुळ्याच्या चकत्या, आंबट काकडी. स्वयंपाक दुपारीच झालेला असतो, रात्री सगळं गार. आजी फोनवर विचारायची, "काऊन वं, रात्री गरम जेवायला देत नाहीत का तुले?" मी शाकाहारी आहे म्हणून त्या घरच्या आईने कोणी न सांगता सॉसेजची बशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला न्यायला सुरुवात केली. शनिवारी मी वरण-भात करायचे. मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, तुरीसाठी भारतीय दुकान गाठावं लागतं. हिंगाची डबी तेवढी बाल्कनीत ठेवायची, असं ठरलं होतं.

मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, त्या वर्षी हुकली म्हणून सप्टेंबरात मी हळहळत होते. मार्चमध्ये कार्निव्हलच्या शेवटच्या रात्री दुसऱ्या घरच्यांनी मला कोलोनला नेलं. तिथे नुबेल नावाचा गवताचा पुतळा कार्निव्हलभर दारूच्या गुत्त्यांवर टांगलेला असतो. त्या रात्री त्याच्यावर खटला चालतो. पैसे कोणी उडवले, कोणी जास्त प्यायली, प्रत्येक वेळी गर्दी ओरडते की नुबेलने! आणि मग त्याला जाळतात. मी तिथेच मोठ्याने म्हटलं, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" नागपूरच्या इतवारी-महालातली काळी-पिवळी मारबत, बडगे (सोबत निघणारे पुतळे), सगळं मी फोनवर त्यांना दाखवलं. यावर्षी त्या घरची मुलगी मारबत बघायला यायचं म्हणतेय.

पालकांना पडणारे काही प्रश्न. जर्मनीत 16 व्या वर्षी बीअर आणि वाइन कायद्याने चालते, त्यामुळे याविषयी निघण्याआधीच घरी बोलून घ्या. मी नको म्हटलं की कोणी पुन्हा आग्रह केला नाही. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि नागपूरशी साडेचार तासांचा फरक असतो. रोज फोन केला की रडू यायचं, म्हणून आम्ही रविवार ठरवला. देशभर चालणारा प्रवास पास मी गेले तेव्हा महिन्याला 49 युरो होता, 2025 मध्ये 58 होता, आताचा दर बघून बजेटमध्ये धरा. अकरावीचं एक वर्ष पुढे जातं, हे खरं. पण जेईई मेनची पात्रता बारावी कधी झाली यावर ठरते, दहावी कधी झाली यावर नाही, त्यामुळे तिथे अडत नाही.

संस्था निवडताना फोटो बघू नका. घर बदलायचं असेल तर कोणाशी बोलायचं, किती दिवसांत निर्णय होतो आणि तोवर मुलगी राहणार कुठे, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.