वाई खोऱ्यातले पळायचे रस्ते: नऊ महिने वापरून, आणि मेणवली रोडवर गुडघा गेल्यानंतर

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी मेणवलीच्या थोडं अलीकडे माझा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने असा धरला की पुढचं पाऊलच टाकता येईना. दुधाच्या टेम्पोवाल्या काकांनी पुढे बसवून वाईत आणून सोडलं, "ताई, पळायचं कशाला एवढं, चालत जावा की" असंही म्हणाले. त्या दिवसापर्यंत मला कोणी विचारलं असतं तर मी वाई-मेणवली-धोम रस्त्याला पाचपैकी पाच दिले असते. आता देणार नाही. का ते सविस्तर लिहिते, कारण पुण्याहून शनिवार-रविवार पळायला येणारे बरेच जण ह्याच रस्त्यावर येतात आणि फोटो बघून येतात.

मी वाईचीच, मधे बारा वर्षं पुण्यात होते, गेल्या जुलैपासून परत इथे. आठवड्यात चार दिवस पळते, पहाटे साडेपाचला बाहेर. सप्टेंबरमधली साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन करायचीय, यवतेश्वरचा घाट चढून परत खाली, २१ किलोमीटर. म्हणजे चढाची सवय पाहिजे आणि पाय वर्षभर टिकले पाहिजेत, माझं सगळं मत ह्या दोन गोष्टींवर आहे.

धोम रस्ता दिसायला खरंच सुंदर आहे, त्यात वाद नाही. ढोल्या गणपतीपासून निघायचं, तीनेक किलोमीटरवर मेणवली, तिथे आत वळलं की नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट. घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळाजवळ ती पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली. सकाळी तिथे कोणी नसतं, पाण्यावर धुकं असतं आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी कपडे आपटत असतं तेवढाच आवाज. पुढे धोमपर्यंत एकूण आठ-नऊ किलोमीटर होतात. नृसिंहाच्या देवळाच्या आवारात दगडी कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर नंदी, पावसाळ्यात कुंड भरलं की नंदी पाण्यात बसल्यासारखा वाटतो. मी तिथे पाच मिनिटं बसून गूळ-शेंगदाणे खाते आणि परत फिरते. डावीकडे पाचगणीच्या टेबललँडची सपाट भिंत, उजवीकडे पांडवगड, समोर कमळगडाकडचे डोंगर, अजून काय पाहिजे माणसाला.

पण रस्ता कडेला झुकलेला आहे. हीच माझी तक्रार आणि बाकी सगळं मला चालतं. कुत्री चालतात, धूळ चालते, हे नाही चालत.

आधी मला वाटलं बूट खराब, म्हणून ३२०० चे नवीन घेतले. मग वाटलं वजन वाढलंय. सहा वेळा फिजिओकडे गेले, दर वेळी ४००, म्हणजे २४०० तिथे गेले. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं की रस्त्याच्या कुठल्या बाजूने पळता, आणि तिथे सगळं उलगडलं. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून आपण उजव्या कडेने पळतो आणि बरोबरच आहे ते. पण पाणी निचरावं म्हणून डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात, साधारण दोन ते अडीच टक्के, म्हणजे मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर. त्यामुळे उजवा पाय कायम खाली पडतो, डावा कायम वर. दहा किलोमीटरला मला सत्तर मिनिटं लागतात, मिनिटाला १७० पावलं धरली तर जवळजवळ बारा हजार पावलं होतात, त्यातली सहा हजार उजव्या पायाची, सगळी तिरकी. येताना बाजू बदलली की हिशोब फिटेल असं वाटतं पण फिटत नाही, कारण येतानाही मी उजव्याच कडेने येते. तोंड फिरलं की उतारही फिरतो, परत उजवाच पाय खाली.

हे कळल्यावर मला राहवेना. घराचं काम चालू होतं, गवंडी दादांची पाणसळ (सपाटी बघायचं बुडबुड्याचं हत्यार) आणि एक मीटरची पट्टी मागून घेतली आणि एका रविवारी अकरा ठिकाणी रस्त्याचा उतार मोजला. मधल्या भागात दोन सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ठीक. पण अगदी कडेच्या मीटरमधे चार, पाच, एका ठिकाणी साडेपाच. जिथे आपण पळतो नेमकं तिथे. आणि डांबराचा नवीन थर टाकलाय पण साईडपट्टी भरलेली नाही, त्यामुळे डांबर संपतं तिथे वीतभर खड्डा, गाडी आली म्हणून खाली उतरायला जागा नाही. ज्या ऑफिसचं हे काम आहे तिथे मी फोटो आणि मोजमापं लावून लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय, उत्तर नाही. मला राग ह्याचा येतो की खर्च झालाय, रस्ता चांगला झालाय, फक्त शेवटचा मुरूम टाकायचा राहिलाय. त्या कडेने शाळेची पोरं सायकलवर जातात, माझा गुडघा त्यापुढे छोटी गोष्ट आहे.

आता पसरणी घाट. ऑक्टोबरमधे मी मैत्रिणीला सांगितलं होतं की घाट करू नको, गुडघे जातील. ते मत मी मागे घेते. वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या, आणि मधे बारा किलोमीटर, म्हणजे सरासरी पाच टक्के चढ. कुठेही छाताडावर येत नाही, एकसारखा चढतो. चढताना पाऊल हळू आणि जवळ पडतं, गुडघ्याला धक्का कमी बसतो, त्रास सगळा उतरताना होतो. मग उतरायचंच नाही! मी पाचगणी स्टँडवर चहा घेते आणि एसटीने खाली येते. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्या पैशात गुडघा वाचतो, ह्यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. पसरणी गाव शाहीर साबळ्यांचं, गाव सोडून दोन-तीन वळणं वर गेलं की मागे वळून बघा, धोम धरणाचं पाणी आणि अख्खं खोरं एकदम उघडतं. फक्त आठच्या आत वर पोचा, नंतर टुरिस्ट गाड्या सुरू होतात. आणि वळणांवर आतल्या बाजूला झोक जास्त असतो तिथे मी सरळ चालते. उतरायची सवयही लागणार आहेच, यवतेश्वरला एसटी नाही पकडता येणार, ती जूनपासून हळूहळू करीन.

तिसरा रस्ता कॅनॉलचा, आणि त्याची मला माफी मागायला पाहिजे. जुलैमधे दोनदा गेले, चिखल बुटाला किलोकिलोने चिकटला, कंटाळवाणा म्हणून सोडून दिला. गुडघा गेल्यावर डिसेंबरमधे फिजिओंनी मातीवर पळा म्हणून सांगितलं तेव्हा परत गेले आणि आता आठवड्यातले तीन दिवस तिथेच असते. धोम धरणाचा डावा कालवा, त्याच्या कडेचा कच्चा रस्ता. पाणी आपल्या वजनाने पुढे सरकायला हवं म्हणून कालवा डोंगराच्या पोटाने अगदी किंचित उतार ठेवून नेलेला असतो, म्हणून पायाखाली चढ-उतार जवळपास नाही, आणि डोंगराला घडी पडली की रस्ताही आत वळून परत बाहेर येतो. खाली ऊस आणि हळद, वर माळ, बाजूला पाणी. पाणसळ इथेही लावली, एक सेंटीमीटर. काही ठिकाणी शून्य. मी तिथे पट्टीजवळ उकिडवी बसले होते आणि एक आजी शेळ्या घेऊन चालल्या होत्या, म्हणाल्या "काय मोजणी आलीय का गं?" मी सांगितलं गुडघ्यासाठी मोजतेय. त्यांनी त्यांचाही दाखवला.

आवर्तन (शेतीसाठी कालव्यात पाळीने सोडतात ते पाणी) सुटलेलं असलं की पहाटे पाण्याचा गारवा अंगावर येतो, फेब्रुवारीत तर कानटोपी लागते. त्याच दिवसांत हळद शिजवायला लागतात, तो वास अख्ख्या रस्त्याला असतो, लहानपणी आजोळी हाच वास असायचा आणि तेव्हा त्याची किंमत कळली नव्हती. तोटे आहेत. बाभळीचे काटे पातळ तळव्यातून सरळ वर येतात, माझे जुने जाड तळव्याचे बूट मोच्याकडून ८० रुपयांत शिवून घेतले आणि तेच इथे वापरते, नव्या ३२०० च्यांपेक्षा चांगले चालतात. साप दिसतो कधीकधी, म्हणून इथे साडेपाचला नाही, उजाडल्यावरच जाते. आणि पाऊस सुरू झाला की हा रस्ता बंद समजा.

नवीन येणाऱ्यांसाठी अजून थोडं. दिवाळीनंतर मार्चपर्यंत डांबरी रस्त्यावर अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नसतो, आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांडक्यांवरून पाय सटकतो. रंगपंचमीला बावधनच्या यात्रेतलं बगाड असतं, त्या दिवशी त्या बाजूला पळायला नाही, बगाड बघायला जा. पौषात मांढरदेवीच्या यात्रेचे दिवस तो घाटही सोडून द्या. आणि धोम रस्ता करायचाच असेल तर उजाडताना, रस्ता मोकळा असताना मधोमध पळा, गाडीचा आवाज आला की थांबून कडेला उभं राहा, टायमिंग गेलं तर जाऊ दे.

गुडघा आता ठीक आहे, गेल्या रविवारी कॅनॉलवर १६ किलोमीटर झाले, दुखलं नाही. जूनमधे चिखल झाला की मला परत धोम रस्त्यावरच यावं लागणार आहे, म्हणून मे महिन्यात अर्जाची पोच घेऊन परत त्या ऑफिसला जाणार आहे. साईडपट्टीवर मुरूम पडला तर पुन्हा अकरा ठिकाणी मोजून आकडे इथेच टाकीन.