झूम, मीट की टीम्स? आधी त्यांचा गल्ला कुठे आहे ते बघा

माझी मावसबहीण ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, जनकगंजात गाणं शिकवते. चार-पाच मुली घरी येतात, बाकीचे शिष्य पुण्यात, बंगळुरूत आणि दोघं थेट अमेरिकेत. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "ताई, पैसे भरायचेच आहेत तर कोणाला भरू?" मी आधी झूम, गूगल मीट आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स या व्हिडिओवर वर्ग घेण्याच्या तिन्ही सेवांच्या सोयींच्या याद्या काढल्या. सगळ्या सारख्याच दिसल्या. मग जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्याची सवय कामी आली. कोण कशावर कमावतो ते पाहिलं, आणि कोण कुठे अडवणार तेही कळलं.

झूमचा धंदा म्हणजे मीटिंग आणि मीटिंगच. एरिक युआन यांनी सिस्को कंपनीतलं वेबेक्स या मीटिंग-सेवेचं काम सोडून २०११ मध्ये ही कंपनी काढली. इथे पैसे भरतो तो यजमान, पाहुणे सगळे फुकट. लग्नाच्या पंगतीत जेवलेला पाहुणा निघताना आचाऱ्याचा नंबर मागून घेतो ना, तशी ही वाढ आहे. आज लिंकवरून आत आलेला माणूस उद्या स्वतः मीटिंग घेतो. २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरताना कंपनीने दिलेल्या कागदपत्रांत एक आकडा आहे. वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त देणारे तिचे ३४४ ग्राहक होते, आणि त्यांपैकी ५५ टक्क्यांकडे आधी निदान एक तरी फुकट खातं होतं. म्हणजे फुकट खातं हेच त्यांचं विक्रीचं दुकान, आणि फुकट मीटिंगला असलेली चाळीस मिनिटांची मर्यादा हा त्या दुकानाचा काउंटर. विलंबित ख्यालात आलाप, बोलआलाप करत तानांपर्यंत यायचं आणि नेमकी तेव्हाच खिडकी बंद! चिडून माणूस पाकीट काढतो. त्यांना तेच हवं असतं.

आता वाढीचं बघा. जानेवारी २०२० ला संपलेल्या वर्षात झूमचं उत्पन्न सुमारे ६२ कोटी डॉलर होतं, पुढच्याच वर्षी २६५ कोटी, त्यापुढे ४१० कोटी. तिथून चाल एकदम मंदावली. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात ४६७ कोटी, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त. नवे पाहुणे येईनासे झाले की कोणताही दुकानदार करतो तेच यांनीही केलं. फुकटाची वाटी लहान केली: दोघांच्याच मीटिंगला पूर्वी वेळेचं बंधन नव्हतं, २०२२ पासून तिथेही चाळीस मिनिटं आली. शिवाय जुन्या गिऱ्हाइकांना फोनसेवा, कॉल सेंटर, एआय असं काय काय विकायला घेतलं. २०२४ मध्ये तर कंपनीच्या नावातला 'व्हिडिओ' हा शब्दच गळला. मोठ्या कंपन्या करारात बांधलेल्या असतात. आपल्यासारखी छोटी, ऑनलाइन पैसे भरणारी गिऱ्हाइकं मात्र महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास सोडून जातात. वर्षाचे एकदम भरले तर सूट मिळते, ती ही गळती थांबवायला. तेव्हा सूट बघून भुलू नका, आधी महिन्याचा प्लॅन घ्या. छापील किमतीवर १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका.

गूगलची गोष्ट वेगळी. त्या कंपनीचं सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींतून येतं, आणि कंपन्यांना ती विकते ते ईमेल, ड्राइव्ह, कॅलेंडर असं सगळं गाठोडं. मीट म्हणजे चहाच्या पुड्याबरोबर मिळालेला कप. २०२० च्या मे महिन्यात तो सगळ्यांना वाटला; २०२१ पासून तिघं किंवा जास्त जण असतील तर साठ मिनिटांची मर्यादा लावली. दोघंच असाल तर मात्र चोवीस तास! एकेका शिष्याला शिकवणाऱ्याला याहून काय हवं? शिवाय संगणकावर जीमेलमधली लिंक दाबली की मीट ब्राउझरमध्येच उघडतं, त्यामुळे पुण्याच्या आजीलाही काही डाउनलोड करावं लागत नाही. अडवणूक होते ती रेकॉर्डिंगला. फुकट खात्यात ते नाही. झूम ते काम फुकटातही संगणकावर करून देतं. आणि कप तो कपच. गूगलचंच व्हिडिओ कॉलचं डुओ मीटमध्ये विरघळलं, गप्पांचं हँगआउट्स बंद झालं. वर्गाची सगळी घडी एका कपावर बसवू नये.

टीम्सबद्दल फार लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टने ते वर्ड-एक्सेलच्या 'ऑफिस' गाठोड्यात घालूनच वाढवलं. ऑफिसातल्या संदेशांची सेवा देणाऱ्या स्लॅक कंपनीने २०२० मध्ये याची युरोपीय संघाकडे तक्रार केली, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टने ते वेगळं विकायला घेतलं, २०२३ मध्ये युरोपात आणि २०२४ मध्ये जगभर. तुमच्या शाळेकडे ते आधीच असेल तर वापरा. गाण्याच्या वर्गासाठी मुद्दाम विकत घेण्यात अर्थ नाही.

गाणाऱ्यांसाठी खरी परीक्षा पैशांची नाहीच, तानपुऱ्याची आहे. ही सगळी साधनं बोलण्यासाठी बनलेली. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, अशी त्यांची समजूत, म्हणून षड्ज-पंचमाची आस, म्हणजे तानपुऱ्याची सततची गुंज, ती पुसून टाकतात. झूममध्ये यावर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' ही सेटिंग आहे आणि ती फुकट खात्यातही चालते. टीम्समध्येही संगीतासाठी मोड आहे. दोन्हीकडे ती हाताने चालू करावी लागते, आणि हेडफोन हवाच. मीट घेणार असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये नॉइज कॅन्सलेशन दिसतंय का बघा, असलं तर बंद करा आणि पलीकडच्याला विचारा, "तानपुरा ऐकू येतोय का?" शिष्याबरोबर एकत्र गाणं मात्र कुठेच जमणार नाही. आवाज पोचायला क्षणभर लागतोच, आणि तेवढ्यात तालाची सम निघून जाते.

बहिणीला मी सांगितलं, एकेकट्याचे पाठ मीटवर फुकट घे. शनिवारचा सात जणांचा वर्ग दीड तासाचा असतो, त्याच्यासाठी झूमचा महिन्याचा प्लॅन घे. ती म्हणाली, "आणि मे महिन्यात? तेव्हा तर अर्धी मुलं मामाकडे जातात." मग त्या महिन्याचे पैसे कशाला द्यायचे? आता तिच्या कालनिर्णयवर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लाल पेनाने लिहिलंय: झूम बंद करणे.