थंडीत अडकणारा गिअर, तापवून हातात दिलेली गाडी आणि माझे 61,800 रुपये

आधीच सांगतो, मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांचा माल तपासून रिजेक्ट करतो. म्हणून हे लिहायची जास्त लाज वाटतेय.

गाडी नऊ वर्षं जुनी, ऑटोमॅटिक. जानेवारीत निफाडचा पारा घसरला की पाथर्डी फाट्यालाही दात वाजतात. तेव्हा फर्स्ट शिफ्टला निघालो की गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाईचना. आरपीएम चार हजार, स्पीड तीस. दहाएक मिनिटांनी धाडकन गिअर पडायचा आणि मग दिवसभर गाडी शहाण्यासारखी चालायची.

गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपने अख्खा गिअरबॉक्स बदलायला 1,85,000 सांगितले. त्यापुढे कुणालाही 61,800 स्वस्तच वाटले असते. हायवेलगतचं हे गॅरेज साडूने सुचवलं होतं, म्हणजे अगदीच डोळे झाकून गेलो असंही नाही. मालकाने स्कॅनर लावला नाही, गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं नाही. कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्ह बॉडी गेली. बॉक्स उतरवावा लागेल." (व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे ऑइलच्या दाबाने गिअर बदलणारा, गिअरबॉक्सच्या आतला भाग.) 25,000 यूपीआयने दिले, 36,800 रोख. "बिल केलं तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल," म्हणाला. मीही नको म्हटलं. हो, मीच म्हटलं.

आठव्या दिवशी फोन आला, "दुपारी दोनला या." गेलो. गाडी आधीच बाहेर काढून, इंजिन चालू ठेवून उभी केलेली. बॉनेटला हात टेकला तर चटका बसला. हाच तो क्षण. बिघाड थंड गाडीचा, आणि मी भर दुपारी तापलेल्या गाडीची ट्रायल घेऊन "मस्त झाली" म्हणत पैसे मोजले! तिथे रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी सहाला स्वतः चावी फिरवायला हवी होती. पोत्यात गुंडाळलेली एक तेलकट व्हॉल्व्ह बॉडी त्याने दाखवली. भंगार घेऊन काय करू म्हणून तीही तिथेच सोडली. जुना पार्ट सोडू नका, घरात जागा नसली तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. आरपीएम चार हजार.

सातपूरच्या एका जुन्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं. सम्पच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या तबकाच्या, बोल्टांवर गाडीच्या कंपनीची पिवळी खूण जशीच्या तशी, वर मातीचा थर. सम्प काढल्याशिवाय व्हॉल्व्ह बॉडीला हात लागतच नाही. बॉक्स कुणी उघडलाच नव्हता. ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपची ओ-रिंग (रबरी सील) झिरपत होती, ऑइल दीड लिटर कमी. गार ऑइल घट्ट, त्यात लेव्हल खाली, मग पंप हवा ओढतो आणि प्रेशर बनत नाही. तापलं की ऑइल फुगतं, लेव्हल चढते. ओ-रिंग, नवं ऑइल आणि मजुरी मिळून 7,400. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल घाला. सीव्हीटीचं (पायऱ्यांचे गिअर नसलेला ऑटोमॅटिक प्रकार) वेगळं असतं, "सगळ्याला चालतं" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

मग पोलीस. पहिल्या ठाण्यात "आमची हद्द नाही". दुसऱ्यात दीड तास बाकावर बसवून "हे दिवाणी आहे, कोर्टात जा". तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब बंदोबस्तात. बोल्टांचे फोटो दाखवले तर हवालदार म्हणतो, "नटबोल्ट बघून गुन्हा दाखल करू का?" वर विचारतो, बिल कुठंय, जुना पार्ट कुठंय? फसवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पुरावे माझ्याकडेच मागतात. आरटीओत गेलो तर गॅरेजशी आमचा संबंध नाही म्हणाले. या चकरांत तीन हाफ डे गेले.

आता ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. माझ्याकडे फक्त 25,000 ची यूपीआय नोंद आणि फोटो आहेत. दुपारी दोनला तापलेली गाडी आणखी कुणाच्या हातात ठेवली गेली असेल, आणि त्याने बिल घेतलं असेल, तर कळवा.